निम्म्या जहाजाचे साहेब

भवानीनगरात आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. प्लास्टिकचे बारके तुकडे चिकटवून जहाजं, विमानं जोडायची हा त्यांचा नाद. जोडायची म्हणजे निम्मी जोडायची आणि खोकं बंद करायचं. विमानाला चाकं न्हाईत, रणगाड्याला तोफ न्हाय. विचारलं की चष्मा पुसत म्हणणार, "घाईनं काम बिघडतं, आबा." ट्यूबमधला डिंक वाळून दगड झाला, तरी ह्यांना घाईचंच भ्या.

माझी बायको गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हाक मारली आणि कित्येक वर्षं पडलेलं जहाज पुढ्यात ठेवलं. "धरा हितं. वाळंस्तवर हलू नका." तेव्हापासून रोज दुपारी मी धरून बसतो.

काल फक्त डोलकाठी राहिली होती. साहेब ती परत खोक्यात ठेवायला लागले.

"लावा की! का मुहूर्त काढायचाय?"

"लावली तर उद्या तुमी एकटं घरात काय करणार?"

"माझ्या नावावर आळस खपवू नका," म्हणालो, आणि काठी माझ्या हातानं बसवली. वाकडी बसली. साहेब लई भडकले.

"आता ती सोडवावी लागंल! उद्या जरा लवकर या."