दुसऱ्या राउटरचा प्रभार

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सरकारी कचेऱ्यांत राउटर बसवायचं काम मी करत होतो, आणि समजावून सांगण्यात आपला हात धरणारा चंद्रपूर-गडचिरोलीत कोणी नाही, असा माझा समज होता. जंगलपट्टीतल्या एका तहसील कचेरीत मी दोन राउटर बसवले. एक टेलिफोनच्या तारेवर, दुसरा छतावरच्या उपग्रहाच्या तबकडीवर. सगळ्या संगणकांना बाहेर जायचा पत्ता एकच दिला. पहिला राउटर मेला, की तोच पत्ता दुसरा आपोआप चालवणार.

कचेरीतले सर्वांत जुने कारकून, मोठे बाबू, म्हणाले, "मले समजन असं सांगा."

"भाऊ, पहिला साहेब रजेवर गेला की दुसरा प्रभार घेते. खुर्ची तीच."

त्यांचा चेहरा उजळला. मी स्वतःवर खूश होऊन निघालो.

पावसाळ्यात वीज पडून पहिला राउटर गेला आणि जोडणी बंद पडली. फोन आला तसा मी दुपारी पोचलो. खिडकीपाशी एक बाई आणि तिची मुलगी सकाळपासून बसून होत्या. मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता. रहिवासी दाखला त्याच दिवशी पाचच्या आत गडचिरोलीला द्यायचा होता, आणि जोडणीशिवाय तो छापता येत नव्हता.

दुसरा राउटर बाबूंनी काढून कपाटात, कुलपात ठेवला होता.

"काऊन?" मी विचारलं.

"प्रभाराचा आदेश नाई आला ना. तुम्हीच सांगतलं होतं. साहेबाले कागद ठेवला, पन साहेब दौऱ्यावर. किल्ली बी त्याहीच्याचजवळ."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे दोन बैल असून गाडी उभी होती. कुलूप तोडायला पंचनामा हवा, म्हणून बाबू पंच शोधायला गेले. दोन तासांनी पंच मिळाले. राउटर जोडला, तो लगेच चालू झाला. नायब तहसीलदारांची सही होऊन दाखला हातात पडला तेव्हा साडेचार वाजले होते, आणि गडचिरोली तीन तासांवर होती.

बाई मलाच म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, मशीनले कोन काय म्हणन."

मुलीने दाखल्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला. चूक मशीनची नाही, माझी आहे, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, त्याची लाज अजून वाटते. अहवालात बिघाडाच्या कारणाचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, वीज पडली.