एकाच नावाचे दोघे

चेन्नईत तीस वर्षं मी शाळेत हिंदी शिकवलं. निवृत्तीनंतर अण्णा नगरातल्या आमच्या घरी कुणी पत्र वाचून घ्यायला येई, कुणी अर्ज लिहून घ्यायला. दगड वाचायचं बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं.

गिंडीत ग्रॅनाइट कापण्याचा एक छोटा कारखाना आहे. मालक माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील. उत्तरेकडच्या एका रणभूमीवर स्मारक उभं राहणार होतं आणि त्याची काळी शिळा घडवायचं काम त्यांना मिळालं होतं. तिथं पडलेल्या जवानांची नावं शिळेवर देवनागरीत कोरायची होती. जवान बहुतेक आपल्याकडचे, सातारा-कोल्हापूरचे, आणि कारखान्यात देवनागरी वाचणारं एकही माणूस नव्हतं.

"टीचर, कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची नाही. तेवढी यादी तपासून द्या," ते तमिळमध्ये म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं. माहेरी, आमच्या गावच्या चावडीसमोर असाच एक लहानसा दगड आहे. त्यावर माझ्या चुलत्यांच्या नावातला एक काना राहून गेलाय. काकू दरवर्षी त्या दगडाला हार घालायच्या आणि म्हणायच्या, "हे काही ह्यांचं नाव नव्हे."

तीन दिवस मी जेवणाच्या टेबलावर यादी पसरून बसले. हुद्दा, नाव आणि शेवटी सैन्यातला क्रमांक अशी प्रत्येक ओळ. संगणकानं जोडाक्षरं फोडून ठेवली होती, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर नेऊन बसवल्या होत्या. लाल पेनानं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या पानावर एक नाव लागोपाठ दोनदा आलं होतं. हुद्दा तोच, बापाचं नाव तेच, आडनावही तेच. टाइप करताना ओळ दोनदा पडली असणार, असं वाटून मी खालची ओळ खोडली आणि यादी पाठवून दिली.

त्या शुक्रवारी सकाळी रक्त तपासायला जवळच्या दवाखान्यात गेले होते. नर्सनं एक नाव पुकारलं आणि दोन बायका एकदमच उठल्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. नर्सनं वय विचारलं, मग त्यातली एक पुढं गेली.

मला यादीतलं ते दोनदा आलेलं नाव आठवलं. त्या दोन ओळींचे क्रमांक मी पाहिलेच नव्हते. आकडे मालक बघतील, माझं काम अक्षरांचं, असं मी धरून चालले होते.

मालकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. रक्त न देताच मी मेट्रो गाठली. आलंदूरला गाडी बदलून गिंडीला उतरेपर्यंत मनात एकच गोष्ट घोळत होती. कुठल्या तरी गावातून एखादी बाई इतक्या लांबचा प्रवास करून त्या शिळेपुढं उभी राहील, बोटानं ओळी शोधेल आणि तिला आपला माणूस सापडणार नाही. आणि हे कुणी केलं? तर मी. लाल पेनानं.

कारखान्यात पोचले तर शिळा लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवलेली. अक्षरं कोरून झालेली! मी धापा टाकत शिळेकडे गेले. तिथं पन्नाशीची एक बाई ओल्या फडक्यानं दगडाची भुकटी पुसत होती. दगडावर रबराचा कागद चिकटवून त्यात अक्षरं कापायचं काम तिचंच; मग वाळूच्या फवाऱ्यानं तेवढाच भाग कोरला जातो.

"काय झालं अम्मा? बसा आधी," ती म्हणाली.

मी कसंबसं सांगितलं. तिनं माझा हात धरून शिळेच्या मधल्या भागापाशी नेलं आणि फडकं फिरवलं. एकाखाली एक, तेच नाव दोनदा. पुढं दोन वेगवेगळे क्रमांक.

"तुमची अक्षरं मला कळत नाहीत, मी चित्रासारखी कापते," ती म्हणाली. "पण इंग्रजी आकडे कळतात की! तुम्ही खोडलेल्या ओळीचा आकडा वेगळा होता. मी सरांना म्हटलं, आधी विचारून घ्या. त्यांनी सैन्याच्या ऑफिसात फोन केला. माणसं दोन आहेत. एक एका तालुक्यातला, दुसरा दुसऱ्यातला."

"मग मला का नाही कळवलं?"

ती जरा लाजली. "टीचरना चूक कशी सांगायची?"

मला एकदम हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिनं स्टीलच्या लोट्यातून ताक आणून दिलं. उपाशी पोटी आले होते, ते एका दमात प्यायले.

मग मीच म्हटलं, आता सगळं पुन्हा वाचू. ती यादी घेऊन आकडे मोठ्यानं म्हणू लागली, मी शिळेवर बोट ठेवून नावं. तिचे आकडे तमिळमध्ये, माझी नावं मराठीत. दुपारी मालक आले, तेव्हा आमच्या सात ओळी राहिल्या होत्या. "मी तुम्हाला फोन करणारच होतो," ते म्हणाले. आम्ही दोघींनी त्यांना हातानंच थांबवलं आणि सातही ओळी वाचून काढल्या. एकही चूक नव्हती.

शेवटचं नाव वाचून झाल्यावर तिनं डबा उघडला, चिंचेचा भात दोन भागांत वाटला आणि माझा वाटा झाकणात वाढून माझ्यापुढं ठेवला.