एकीचं काढून दुसरीला

मी देश सोडला तो धक्का मारून. चिंचवडच्या आमच्या गल्लीतून विमानतळावर न्यायला आलेली सुमो ऐन वेळी सुरू होईना. बॅगा टपावर बांधून झालेल्या, आईने हातावर दही ठेवून झालेलं, आणि ड्रायव्हर नुसता किल्ली फिरवतोय. शेवटी गल्लीतली सगळी मंडळी गाडीच्या मागे उभी राहिली. त्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबाही. मीही उतरायला लागलो, तर त्यांनी बाहेरून दार दाबून धरलं. "तू आत बस. जाणाऱ्याने ढकलायचं नसतं." असा काही नियम आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही नव्हतं.

त्यानंतर बरेच हिवाळे गेले. मी कॅनडातल्या रेजिनात असतो. एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम, दुखऱ्या कमरेला पट्टा, आणि नोव्हेंबर ते एप्रिल रोज सकाळी घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसणे. तुम्हा तिकडच्या मंडळींना वाटत असेल, कॅनडात म्हणजे याच्याकडे चकचकीत गाडी असणार. तुम्ही फोटोत पाहिलीत ती शेजाऱ्याची. मी फक्त तिला टेकून उभा होतो.

माझ्या दोन्ही गाड्या एकाच अमेरिकन ब्रँडच्या. नाव विचारू नका. नाव घ्यायचं तर उखाणाच घ्यावा लागेल, शिवाय तो ब्रँडच आता उरलेला नाही. काही वर्षांपूर्वी त्या गाड्या बनवणं बंद झालं. पहिली घेतली तेव्हा मला हे माहीत होतं. दुसरी घेतली ती पहिलीसाठी पार्ट मिळेनात म्हणून. माझी बायको मंजिरी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरलीचा आरसा धाकटीला, थोरलीचा हीटरचा पंखा धाकटीला, असं करत थोरली गराजशेजारी बर्फात कायमची बसली. आमची मुलगी सई हायस्कुलात असताना म्हणायची, "बाबा, ड्रॉप मी अ ब्लॉक अवे." मी सोडायचो. चालण्याने मुलांची तब्येत चांगली राहते.

बाबांना या गाड्यांची भारी चौकशी. उणे तीसमध्ये इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला विजेची वायर लावून ठेवतो, हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे मोबाईलसारखी चार्जिंगला?" एका रविवारी असाच त्यांचा फोन आला. मी बॉनेट उघडून बाहेर उभा, हातमोज्यात फोन, वर वारा. त्यांनी विचारलं, "काय चाललंय?"

म्हटलं, "काय चालणार! कंपनीच बंद पडलीय, बाबा."

"कधी?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"बोलला नाहीस कधी."

"त्यात काय बोलायचं? एकीचं काढून दुसरीला लावतोय. निभतंय."

मग म्हणाले, "बरं. जेवत जा वेळेवर." आणि फोन ठेवला. मला वाटलं, वाऱ्यात ऐकू येत नसेल.

महिन्याभराने चिंचवडहून माझ्या ताईचा फोन. "येताय कधी? बाबांनी वरच्या खोलीतला भाडेकरू काढला. स्वतः शिडीवर चढून रंग लावतायत. मी नको म्हटलं तर माझ्यावरच ओरडले."

"रंग कशाला?"

"अरे, कशाला काय! तुझी कंपनी बंद पडली ना? पाच-सहा वर्षं लपवून ठेवलंस म्हणे. आणि वर मला म्हणाले, त्याला काही विचारू नकोस, त्याला लाज वाटेल."

मी दहावीत होतो तेव्हा बाबांची कंपनी बंद पडली होती. आमच्या घरात त्या वाक्याला दुसरा अर्थच नाही. ते ऐकल्यावर पुढचं काही विचारायचं नसतं, जागा करून द्यायची असते.

मी लगेच फोन लावला. "बाबा, माझी नाही. गाडीची. गाडीची कंपनी बंद पडली."

"गाडीची?"

"हो."

"म्हणजे नोकरी आहे?"

"आहे."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं" हे शब्द इतक्या पडेल आवाजात मी आजवर ऐकले नाहीत. मग आईने फोन घेतला. "अरे, रंग छान झालाय. फिकट निळा. पलंगही खिडकीपाशी हलवलाय." मला तिला सांगायचं होतं की आम्ही येत नाही. सईची शाळा, मंजिरीची नोकरी, घराचा हप्ता. यातलं एकही कारण त्या फिकट निळ्यापुढे उभं राहीना. मी म्हटलं, "फोटो पाठव."

खोली अजून रिकामीच आहे. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही जातो, तिथे झोपतो आणि परत येतो. बाबांनी नवा भाडेकरू ठेवला नाही.

या जानेवारीत सुट्टी संपवून सई विनिपेगला युनिव्हर्सिटीत परत निघाली. धाकटी आता तिला दिलीय. नवी बॅटरी, नवे विंटर टायर्स, मागच्या सीटवर मंजिरीने दिलेले थालीपीठांचे डबे. आणि गाडी आमच्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फात रुतली. चाकं नुसती जागच्या जागी फिरताहेत. मंजिरी आणि मी मागे गेलो. सईने दार उघडून एक पाय बाहेर टाकला. "आय कॅन पुश टू, बाबा."

मी जाऊन दार दाबून धरलं. "तू आत बस. जाणाऱ्याने ढकलायचं नसतं."

"व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन?"

"स्टिअरिंग सरळ ठेव."

आम्ही ढकललं. कमरेचा पट्टा सुटला, तोंडावर बर्फ उडाला, आणि धाकटी एकदम मोकळी होऊन रस्त्याला लागली. वळणावर ब्रेकचे लाल दिवे दिसले. त्यातला उजवा थोरलीचा.

आत आल्यावर बूट काढता काढता मंजिरी म्हणाली, "अरे, बेसमेंटमधली तिची खोली आता भाड्याने देऊ या का? एखादी स्टुडंट मिळेल."

मी म्हटलं, "राहू दे गं. कंपनी बंद पडली तर?"