देवाचा पहिला कौल

मार्गशीर्षातल्या सकाळी दिघीच्या आमच्या गॅलरीत उभं राहिलं की लष्कराच्या मोकळ्या माळावरून येणारा गार वारा गालाला लागतो, आणि त्याच्याबरोबर ओल्या गवताचा किंचित कडवट गंध येतो. खाली चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या धुक्यात दिवे लावून उभ्या असतात. त्यांच्यामधून वाट काढत, कानटोप्या घातलेली, डोळ्यांतली झोप न सरलेली मुलं शाळेला निघालेली असतात. किती वर्षं पाहते आहे मी हे! तरी दर वेळी मनात तीच जुनी कळ उठते. यांच्यापुढे हातात खडू घेऊन उभी राहणार होते ती मी कुठे गेले?

तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. कोकणातल्या आमच्या घरी, अध्यापक विद्यालयात माझा नंबर लागल्याचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात पिंपरीच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या मुलाचं स्थळही आलं. अशा पेचात आमच्याकडे ग्रामदेवतेला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणमूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. बाबा लग्नाचा कौल लावायला गेले आणि उजवा कौल घेऊन आले. साक्षात देवच बोलल्यावर मी काय बोलणार? पत्र ट्रंकेच्या तळाशी ठेवून मी दापोडीच्या दोन खोल्यांत संसार मांडला.

तो संसार वाईट झाला असं कोणत्या तोंडाने म्हणू? हे स्वभावाने अबोल, पण मायाळू. तरीही माझ्या शेजारून आयुष्यभर एक दुसरी बाई चालत राहिली. कौलारू शाळेतली, पदराला खडूची भुकटी लागलेली, पोरांवर लटकं रागावणारी! खंडेनवमीला हे मला कंपनीत न्यायचे. धुऊनपुसून थांबवलेल्या यंत्रांवर झेंडूच्या माळा झुलत असायच्या, हे तेलाने काळवंडलेल्या बोटांनी लेथला हळदकुंकू वाहायचे, आणि मी शेजारी हात जोडून मनातल्या मनात पाटीपूजन करायचे. त्या दुसरीचा मी जितका हेवा केला, तितका कुठल्या खऱ्याखुऱ्या बाईचा केला नाही. देवावर रुसायचे, भांडायचे, आणि शेवटी त्याच्याच पायाशी येऊन म्हणायचे, तूच पाठवलंस ना, मग तुझं तुला ठाऊक. एवढ्या एका आधारावर मी निभावून नेलं.

गेल्या महिन्यात बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काका, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. पट्टी त्यांच्या डोळ्याला होती, जिभेला नव्हती. मी भाकऱ्या थापत असताना जुन्या गोष्टी निघाल्या आणि ते सहज बोलून गेले, "अगो, तुझ्या लग्नाचो पयलो कौल डावोच पडलेलो. दुसरोय डावो. तुझ्या बापाशीक काय ता पटाक नाय. तो गुरवाक म्हणालो, परत लाव. तिसऱ्या खेपेक देवान उजवो दिल्यान!"

तव्यावरची भाकरी करपली, तरी मी तशीच बसून होते. बाबांचा राग आला, मग कीव आली. पाठीवर आणखी दोन मुली, हातात चालून आलेलं पगारदार स्थळ! बिचारे देवाचं मन वळवत बसले. हट्टाने तीनदा विचारणाऱ्या बापापुढे त्या पाषाणानेही हात टेकले असतील. पण मग माझं काय? देव नको म्हणाला होता. ज्याच्या शब्दावर मी अख्खं आयुष्य टाकलं, तो शब्द त्याचा नव्हताच!

यांना सांगितलं, तेव्हा हे पायात बूट घालत होते. हसत म्हणाले, "म्हणजे देवाच्या मनात मी नव्हतोच की गं." हसले खरे, पण बुटाची नाडी त्यांना दोनदा बांधावी लागली. मग डबा उचलून हे कामाला गेले.

दिवसभर मी देवघरासमोर बसून होते. भांडायला बसले होते, पण आठवायलाच लागलं. आमची लेक सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत मुठीएवढा जीव धडपडत होता, तेव्हा मी कुणाला हाक मारली होती? कारखान्याला टाळं लागलं, यांनी सांगवीत दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये राबून दिवस काढले, तेव्हा कुणाला? त्याने एकदा तरी म्हटलं का, मी नको सांगितलं होतं, आता भोगा? पोर वाचली. कारखाना पुन्हा सुरू झाला. मी मात्र वाट त्याने निवडली म्हणून त्याच्यावर विसंबले, आणि वाट आवडली नाही म्हणून त्याच्यावरच रुसले. वाट त्याची नव्हतीच, सोबत तेवढी त्याची होती. हे कळायला मला काकांचा मोतीबिंदू पिकावा लागला!

त्या शिक्षिकेसाठी जीव तुटतो, तो तुटतच राहील. ती ओढ खोटी नव्हती. कुणास ठाऊक, देवालाही कदाचित तीच हवी होती. पण तिचा जाब आता मी त्याला विचारणार नाही.

संध्याकाळी हे आले, तेव्हा चहाचा कप पुढे ठेवत मी म्हटलं, "अहो, खरंच नव्हता तुम्ही त्याच्या मनात. मीही इथे यावं असं त्याला वाटत नव्हतं. त्याचं न ऐकता आपण निघालो, आणि तो मुकाट आपल्या मागोमाग दापोडीपर्यंत आला."

 हे चहा तसाच ठेवून उठले, हातपाय धुतले आणि देवासमोर माझ्यासाठी जागा ठेवून बसले.