कालव्यावर न वाजलेला शंख

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत हडळ नाही, मुंजा नाही, पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच नाही. दिवे मालवून, पांघरूण घेऊन वाचायला बसला असाल तर उठा आणि दिवे लावा. मी स्वतः या फोरमवरचे असले भुताखेतांचे धागे दात काढत वाचणाऱ्यांतली. मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलंय... डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास आहे, फक्त त्या मायक्रोस्कोपखाली दिसायला हव्यात एवढीच अट! तरीही २००५ च्या ऑगस्टमध्ये जे झालं त्याला ही अट लावता येत नाही. तीन वर्षं पोटात ठेवलंय, आता लिहून टाकते.

तेव्हा आम्ही पेनसिल्व्हेनियात, ईस्टनला राहायचो. माझ्या नवऱ्याचं, मंदारचं, ऑफिस न्यू जर्सीत होतं, पण तिकडची भाडी ऐकून आम्ही मुकाट्यानं नदी ओलांडली. तो सकाळी निघाला की संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. एच-फोर व्हिसा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. आज भाजी कुठली करावी, या विषयाचा इतका सखोल अभ्यास मी आयुष्यात कधी केला नव्हता.

त्या ऑगस्टच्या आदल्या वर्षीचे गणपती. शनिवार होता म्हणून मंदार घरी होता. सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळून आणलेली एवढीशी शाडूची मूर्ती आणि माझ्या बाबांचा शंख. सांगलीला आमच्या गल्लीच्या गणपतीत शंख वाजवायचा मान बाबांचा, आणि मी आठवीत गेल्यावर तो त्यांनी मला देऊन टाकला. ‘मुलीनं शंख फुंकायचा?’ म्हणून चार बायकांनी नाकं मुरडली, पण माझा दम बघून त्याच बायका पुढच्या वर्षी ‘अजून एकदा गं’ म्हणायला लागल्या. तर आरती झाली, मी दणदणीत शंख फुंकला, आणि पाचच मिनिटांत दार वाजलं.

“घे! पोलीस आले,” मंदार म्हणाला.

पोलीस नव्हते. शेजारच्या घरातली म्हातारी होती, काठी टेकत, धापा टाकत उभी. आवाजाची तक्रार घेऊन आली असणार म्हणून मी घाईघाईनं मोदकांचं ताट पुढे केलं. मोदक तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही, हा आमच्या घरातला जुना अनुभव. तिनं ताटाकडे बघितलंसुद्धा नाही.

“बोट कुठे आहे?” तिनं विचारलं.

“डोकं सरकलं वाटते हिचं,” मंदार माझ्या कानात पुटपुटला. तो नागपूरचा, पुटपुटतो तेही पुढच्या गल्लीत ऐकू जातं. नशीब, मराठीत होतं.

तिला आत बसवलं, पाणी दिलं. मग कळलं. तिचं नाव डोरोथी, वय ऐंशीच्या पुढे, आणि ती लहानपणी घरात नव्हे, बोटीत वाढलेली. ईस्टनपासून डेलावेअर नदीच्या कडेकडेनं एक कालवा खाली जातो. आता तिथं लोक सायकली चालवतात, पण तिच्या लहानपणी त्यातून कोळशाच्या बोटी जायच्या. काठावरून दोन खेचरं दोर ओढत चालायची आणि बोटीच्या टोकाला खोलीएवढ्या केबिनमध्ये अख्खं कुटुंब राहायचं. रांगती पोरं पाण्यात पडू नयेत म्हणून कमरेला दोरी बांधून ठेवायचे... तिलाही बांधायचे. कालव्यावर ठिकठिकाणी लॉक, म्हणजे पाण्याची पायरीच म्हणा ना. दोन्हीकडे दारं, मध्ये बोट शिरली की पाणी भरायचं किंवा सोडायचं, बोट वर किंवा खाली. आणि बोट लॉकपाशी येतेय हे लॉक सांभाळणाऱ्याला आधी कळावं म्हणून बोटवाले काय वाजवायचे? शंख! मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा हातानं आकार करून दाखवला. तिचे वडील शंख वाजवायचे आणि त्यानंतर थेट माझा शंख तिच्या कानावर पडला होता.

त्या दिवशी तिनं सहा मोदक खाल्ले. तिला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी ‘आजी’ म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर म्हणाली, “चालेल. कोणीतरी म्हणायलाच हवं.” तिच्या मुलाला मूलबाळ नव्हतं.

वसंत ऋतूत आजीनं मला कामाला लावलं. मुलगा ॲरिझोनात राहायचा. त्यानं हिचं घर विकायला काढलं होतं आणि उन्हाळा संपता संपता तो तिला कायमची घेऊन जाणार होता. त्याआधी तिला एक जागा शोधायची होती.

आजी चारेक वर्षांची असताना तिची आई बोटीतच तापानं आजारी पडली. “तिला झोप लागलीय, झोपू दे,” म्हणून हिला उचलून दुसऱ्या एका बोटीवर नेलं. काही दिवसांनी परत आणलं तेव्हा आई नव्हती. कुठल्याशा लॉकजवळ पुरली, एवढंच. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही, थोरल्या भावाला माहीत होतं तर तो लढाईत गेला. पण आजीला एक गोष्ट पक्की आठवत होती. त्यानंतर प्रत्येक फेरीत एका लॉकच्या अलीकडे वडील खुंटीवरचा शंख काढून आत गोधडीखाली ठेवायचे, आणि भावाला पुढे पळवायचे, बोट येतेय हे तोंडी सांगायला. हिनं विचारलं तर तोंडावर बोट. “श्श... आई झोपलीय.”

“मला तिचा निरोप घेऊ दिला नाही कोणी,” आजी म्हणाली. “ॲरिझोनाला गेले की मी काही परत येत नाही. एकदा त्या जागी उभं राहायचंय मला.”

मग काय, लायब्ररीत जाऊन बसले. रिकामटेकडीला काम मिळालं होतं! पण बोटीवरच्या माणसांचा माग काढणं म्हणजे महाकठीण. पत्ता म्हणून लिहिणार काय? घर आज या गावाला, उद्या त्या. चर्चच्या नोंदींत नाही, जनगणनेत एका सालात वडील सापडले, पुढच्या सालात सगळेच गायब. बोटवाल्यांच्या नातवंडा-पतवंडांना फोन केले. सगळे गोड बोलायचे, तास तास बोलायचे, आणि प्रत्येक जण वेगळ्याच लॉकचं नाव सांगायचा. एका काकांनी तर दोन फोनमध्ये दोन सांगितली.

शेवटी आजीनंच शक्कल काढली. “मी एकेका लॉकवर डोळे मिटून बसते, तू शंख वाजव. सगळीकडे तो आवाज मला ओळखीचा वाटेल. जिथं ऐकून चुकल्यासारखं वाटेल, इथं वाजवायचा नसतो असं, ते माझं लॉक.” मंदार म्हणाला, ही काही सायंटिफिक मेथड नाही. मी म्हटलं, तू फक्त गाडी चालव.

तर ऑगस्टमधले शनिवार-रविवार आम्ही लॉकं पालथी घातली. कुठे दगडी भिंती शाबूत, कुठे नुसतं गवत. मी शंख फुंकायची, सायकलवाले थांबून टाळ्या वाजवायचे. आजी डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची... नाही, हे नाही. मग झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चटणीनं तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी ती अजून मागायची. खरं सांगते, अमेरिकेतले माझे सगळ्यात सुखाचे दिवस ते. ती जाणार हे आठवलं की घास अडायचा.

शेवटून दुसरा रविवार. भर दुपार, लख्ख ऊन, नव्वद फॅरनहाइटच्या वर टेंपरेचर. लॉकच्या पलीकडे एक कुटुंब पिकनिक करत होतं, त्यांच्या रेडिओवर बेसबॉलची कॉमेंट्री चाललेली. भीती वाटावी असं तिथं काहीही नव्हतं, मुद्दाम सांगतेय. आजी लाकडी दाराच्या जाड तुळईवर बसली. मी नेहमीसारखा शंख धुतला, ओठांना लावला आणि फुंकला.

काही नाही.

म्हणजे बेसूर वाजला, चिरकला, असं नाही. आवाजच नाही. नुसती हवा आत गेली आणि संपली. पुन्हा फुंकला. तेच.

“कंटाळला तो शंख,” मंदार म्हणाला. त्यानं घेऊन आत डोकावून बघितलं, उलटा करून आपटला, मुंगी-बिंगी गेलीय का पाहिलं, मग गाल फुगवून स्वतः फुंकला. एरवी त्याच्याकडून निदान म्हशीचं रेकणं तरी निघतं. तेही नाही. मी शंख घेऊन वाटेनं पुढच्या पुलापर्यंत चालत गेले आणि तिथं फुंकला. खणखणीत! पुलावरच्या पोरांनी कान झाकले. जीव भांड्यात पडला. परत आजीपाशी आले, श्वास भरून घेतला, फुंकला... हवा.

पलीकडे रेडिओ चालू होता, पोरं हसत होती, सगळे आवाज जसेच्या तसे ऐकू येत होते. फक्त शंख मुका.

आजी शांत होती. तुळईवरून हात फिरवत ती हसली. “झोपलीय,” ती म्हणाली. “पप्पांनी सगळ्यांना ताकीदच देऊन ठेवलीय बघ.”

मी तिच्या शेजारी बसले. आम्ही आणलेली फुलं तिनं पाण्यावर सोडली. मग म्हणाली, “सापडली तर खरी. पण झोपलेल्या माणसाचा निरोप कसा घेतात? तुमच्याकडे काय करतात?”

खरंच सांगते, मी काही विचार करून बोलले नाही. जे लहानपणापासून बघितलं ते सांगितलं. “आमच्याकडे उठवतात, आजी. घरातून कोणी निघालं की झोपलेल्याला हलवून उठवतात. ऊठ, आत्या निघाली, नमस्कार कर. पहाटेची गाडी असली तरी. न सांगता गेलं की उठल्यावर ते माणूस रडतं.”

आजीनं हात पुढे केला. “दे इकडे.”

तिनं आयुष्यात शंख वाजवला नव्हता. मुलींना मिळायचा नाही, वडिलांनंतर तो भावाचा मान. त्यात तिला दमा, जिना चढताना दोनदा थांबणारी बाई ती, पर्समध्ये इनहेलर. शंख तोंडाला कुठे लावायचा तेही मी दाखवलं नाही. तिनं मनगटानं ओठ पुसले, डोळे मिटले आणि फुंकला.

वाजला. अहो, असा वाजला! माझे बाबा ऐन उमेदीत वाजवायचे तसा, लांब, भरदार, कुठेही न कापता. पलीकडच्या कुटुंबातले सगळे उठून उभे राहिले, कोणीतरी रेडिओ बंद केला. तिच्या छातीत तेवढी हवा मावणं शक्य नव्हतं, पण तो चालूच होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मंदारनं माझा दंड घट्ट धरला होता.

शंख थांबल्यावर आजी पाण्याकडे तोंड करून बोलायला लागली. अगदी साधं. मी चालले, मुलाकडे, लांब आहे, मुलगा चांगला आहे, काळजी करू नकोस. मधेच थांबली. कोणीतरी आपल्याला काही सांगत असलं की आपण मान तिरकी करून ऐकतो, तशी ऐकत राहिली. मग “बरं, बरं” असं किंचित वैतागून म्हणाली, आणि गाडीतल्या एसीसाठी आणून खांद्यावर नुसतं टाकलेलं स्वेटर अंगात घालून त्याची बटणं लावायला लागली. खालून वर, एकेक करत, गळ्यापर्यंत.

“आजी, काय करतेस? केवढं उकडतंय!” मी म्हटलं.

“पाण्यावर वारा असतो म्हणतेय,” आजी म्हणाली. “बटणं लाव म्हणतेय.”

मला काही ऐकू आलं नव्हतं. मंदारलाही नाही. शंख संध्याकाळी घरी देवापुढे नेहमीसारखा वाजला, आजही वाजतो. उन्हानं ओठ कोरडे पडले असतील, दमटपणामुळे असेल, मनाचा खेळ असेल, हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. मग आजीचा कसा वाजला, इथं प्रत्येक उत्तर अडतं. तुमच्यापैकी कोणी फिजिक्सवालं असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन. पटेलच असं मात्र सांगत नाही.

परतताना आजी मागच्या सीटवर बसली होती. गाडी भट्टीसारखी तापलेली, तिच्या कपाळावरून घाम ओघळतोय, पण तिनं एक बटण सोडलं नाही. खिडकीबाहेर बघत ती आपली खुशीत होती. मंदारनं एसी फुल केला. मग आरशातून तिच्याकडे बघितलं, आणि हात लांब करून मागे जाणाऱ्या हवेची जाळी बंद केली.

“वारा नको लागायला तिला,” तो म्हणाला.