दातेकाकांचं घाटाचं चक्र

दातेकाकांचं आडनाव दाते नव्हतं. जुन्नरच्या पेठेतल्या एका बोळात त्यांचं लेथचं दुकान होतं आणि समोरून कोणी सायकलवर आलं, की ते आधी पेडलपाशी असलेल्या दातेरी चक्राचे दाते मोजायचे. मग वेळ उरला तर माणसाच्या तोंडाकडे पाहायचे. मुलीला बघायला पाहुणे येऊन गेले, तेव्हा काकूंनी विचारलं, "मुलगा कसा वाटला?" काका म्हणाले, "अठ्ठेचाळीस दाती. सपाटीचा माणूस हाय. चढाला दम टाकंल." तरीही लग्न झालं. जावई सपाट गावचा निघाला, म्हणून संसार सुखाचा झाला, असं काका अगदी मनापासून सांगत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वाडीत शिक्षिका होते. राहायला खालच्या गावात, शाळा पाच किलोमीटर वर. त्यातले दोन किलोमीटर मी सायकलवर असायचे आणि उरलेले तीन सायकल माझ्यावर. एकदा ब्रेकचा बोल्ट घ्यायला काकांच्या दुकानात गेले, तर त्यांनी सवयीनं दाते मोजले आणि कपाळावर हात मारला. "बाई, ह्या चक्रावर तुमी घाट चढता? चढाला पाय दमत न्हाईत, दाते चुकीचे असत्यात!"

मग त्यांनी मला आपला शोध दाखवला. पेडलच्या दांड्याला पाच बोटांचा लोखंडी पंजा जोडायचा आणि त्यावर बोल्टनं हवं ते चक्र बसवायचं. अठ्ठेचाळीस दात्यांचं मोठं चक्र बाजाराचं, छत्तीसचं ओझ्याचं आणि अठ्ठावीसचं लहानगं घाटाचं. चक्र बदललं की चेनची चार-सहा कडी कमी-जास्त करायची, मागचं चाक ओढून घट्ट करायचं, झालं. प्रत्येक चक्र ते जाड पत्र्यातून कापून कानशीनं घासत. माझ्या चक्राला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी भर चढावर चेन सुटली आणि मी करवंदीच्या जाळीत गेले.

खरचटलेली कोपरं घेऊन दुकानात गेले, तर काकांनी चक्राकडे बघतच विचारलं, "कितव्या दात्याला सुटली?"

"मोजायचं राहिलं, काका."

ते खरोखर नाराज झाले. "पुढच्या टायमाला ध्यान ठेवा," म्हणाले. आतून काकू हळद घेऊन आल्या. "या घरात सगळ्यांचे दाते मोजलेत बाई. माणूस पडला तर ते मीच बघायचं."

दुसरं चक्र मात्र जमलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा शाळेच्या अंगणापर्यंत सायकलवर बसून गेले. मुख्याध्यापकांनी मला पाहिलं, मग घड्याळ पाहिलं, आणि ते बंद पडलं असावं म्हणून कानाशी धरलं.

जुन्नरनं या शोधाचं स्वागत आपल्या रिवाजाप्रमाणे केलं, म्हणजे सायकल न चालवणाऱ्यांनी सल्ले दिले. समोरचे कापड दुकानदार शेठजी गादीवरून न उठता म्हणायचे, "काका, चक्र बदलायला दहा मिनिटं, सायकल ढकलायलाही दहाच मिनिटं. यात कमाई काय?"

"ढकलत माणूस वर जातोय शेठ," काका म्हणायचे, "पण हरल्यावानी जातोय."

पुढं एका पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त जुन्नर ते नाणेघाट सायकल शर्यत जाहीर झाली. पुढारी स्वतः जीपमधून भाग घेणार होते. पंचावन्न उलटलेल्या काकांनीही नाव दिलं. "तोंडानं लई सांगून झालं," ते म्हणाले, "आता डोळ्यांनीच बघू दे लोकांना."

मी शाळेतल्या मुलांना घेऊन चढावर उभी होते. खाली चढाच्या पायथ्याशी काका थांबले, उतरले आणि शांतपणे पाना काढून चक्र बदलू लागले. सगळे त्यांच्या पुढं निघून गेले. जीपमधल्या कर्ण्यानं "एक ज्येष्ठ स्पर्धक बिघाडामुळे बाद" असं कळवून टाकलं. मग काका बसले आणि वर येऊ लागले. पाय भिंगरीसारखे फिरत होते, सायकल गोगलगायीसारखी चालली होती, पण काका बसलेले होते आणि बाकी सगळे उतरून ढकलत होते. एकेकाला मागं टाकत ते आमच्यापाशी आले. मुलं किंचाळत होती. पुढं आता एकच जण उरला होता, गिअरच्या सायकलवर आलेला पुण्याचा तरुण. तोही तिथंच रस्त्याच्या कडेला उभा होता. त्याची चेन तुटली होती.

नुसतं पुढं जायचं होतं. काका उतरले.

त्यांनी आपल्या पिशवीतलं कडं लावून त्याची चेन जोडून दिली. मग म्हणाले, "एकदा चालवून दाखव की, पावणं." तरुणानं मागचं चाक उचललं, पेडल फिरवलं आणि अंगठ्यानं एक खटका दाबला. चेन या चक्रावरून उडी मारून त्या चक्रावर गेली.

"पाना न लावता?" काकांनी विचारलं.

"हो, काका."

"परत दाखव."

त्यानं सहा-सात वेळा दाखवलं. तेवढ्यात ढकलणारे सगळे शेजारून निघून गेले. तरुणानं मग त्यांना गाठलं आणि पहिला नंबर काढला. काका वर पोहोचले तेव्हा मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. दुसऱ्या दिवशी पेठेत त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. मला ते हळूच म्हणाले, "मन कसलं मोठं, बाई. दाते मोजायचे व्हते." आणि थोड्या वेळानं, "मी पंधरा वर्सं पान्यानं करतोय ते त्यो अंगठ्यानं करतोय."

महिनाभर लेथ बंद राहिला. काका बोळाकडे तोंड करून बसत, सायकली जात-येत, पण ते मोजत नसत. काकूंनी टोमणे मारणं सोडलं, तेव्हा मला खरी काळजी वाटली. शेवटी एक गवळी आला. त्याच्या चक्राचे दाते झिजले होते. काकांनी त्याला गिअरची सायकल घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, "तिला माझे क्यान बांधायचे कुठं? तुमचंच द्या राव." काकांनी कानस हातात घेतली.

दहा वर्षांत गवळ्यांनीही मोटारसायकली घेतल्या. न विकलेली घाटाची चक्रं काकूंनी स्वयंपाकघरात गरम पातेल्यांखाली ठेवायला घेतली.

मधल्या काळात माझी बदली आंबेगाव तालुक्यात, पारगावला झाली होती. तिथं काका एकदा आले आणि त्यानंतर दोन वर्षांनी वारले. मला वेळेवर कळलं नाही, त्यामुळे त्यांची शेवटची भेट माझ्यासाठी पारगावचीच.

तिथं आमच्या शेजारी सुलभा राहायची. लहानपणी पोलिओ झालेला, शिवणकामावर घर चालवायची. एका समारंभात तिला हातानं पेडल मारायची तीनचाकी सायकल मिळाली होती. फोटो सपाट मैदानावर काढले होते. तिचं घर होतं नदीकडच्या उतारावर. रस्त्याला लागायचं तर मोठा चढ, आणि चढाला सायकल हलायची नाही. भावाला सवड मिळाली, की तो मागून ढकलायचा. त्याला सवड नसली, की सुलभा घरात.

मी काकांना कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी, नारायणगावला गाडी बदलून, ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चक्र घेऊन हजर. तासाभरात त्यांनी ते बसवलं. "जोर लावू नकोस पोरी," ते म्हणाले, "नुसते हात फिरव."

सुलभानं हात फिरवले. सायकल हळूहळू चढाला लागली, वर पोहोचली, वळली आणि दिसेनाशी झाली.

अर्धा तास झाला, तास झाला. तिच्या आईनं आत-बाहेर सुरू केलं. भाऊ मोटारसायकलवरून बाजारात आणि साखर कारखान्याच्या रस्त्याला बघून आला. काकांची एसटी गेली, ते उंबऱ्यावर बसून राहिले. दुपार कलल्यावर सुलभा आली. तळहात ग्रीसनं काळे, केसांत उसाच्या पाचटाचा भुगा.

"कुठं गेली व्हतीस गं?" आई ओरडली. "काय काम व्हतं एवढं?"

"कायबी न्हाई," सुलभा म्हणाली. "नुसती फिरले."