ठिणगीची गाडी टेकडी चढते

तर इंजिनाची चेन नको त्या बाजूला येत होती, इथपर्यंत काल सांगून झालं. माझा मेहुणा वेल्डर, सगळे त्याला ठिणगी म्हणतात. जुन्या चारचाकी क्वाड बाइकचं इंजिन आणून तो पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी पाइपांची गाडी जोडत होता, खाचखळग्यांतून पळणारी. त्याच्या बायकोला तीच शेड शिलाई मशीनसाठी हवी होती. तिनं बजावलं होतं, "रविवारी गाडी मागच्या टेकडीवर चढली नाही, तर शेड माझी."

मग गड्यानं काय करावं? अख्खं इंजिनच फिरवून बसवलं. चेन झकास जुळली! पण आता चाकंही उलटी फिरणार, हे वेल्डिंगच्या नादात त्याच्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी ठिणगी ऐटीत बसला, पहिला गिअर टाकला आणि गाडी सुसाट निघाली ती मागं, थेट शेडमध्ये. हसून हसून माझी कवळी निसटायची वेळ आली. बायको टेप घेऊन शेड मोजायलाच लागली.

ठिणगी खाली उतरला. त्यानं गाडी ढकलत बाहेर आणली, तिची पाठ टेकडीकडे केली, मान मागं वळवली आणि धुरळा उडवत थेट माथा गाठला.

तो खाली आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पाठमोरी चढते ती काय गाडी?"

"टेकडी चढायची एवढंच ठरलं होतं. तोंड कुठं हवं, ते तू बोलली नव्हतीस. टेप गुंडाळ आता."